साहेबांची हजामत

शनिवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता हेडक्लार्कांनी कुत्र्याला खरोखर विंचरायचं ठरवलं, आणि तिथेच घात झाला.

‘खरोखर’ म्हणायचं कारण असं, की एरवी ते विंचरायचे रोजच. संध्याकाळी साडेसातला ऑफिसचे कपडे उतरवले की ब्रश घ्यायचा आणि मानेपासून शेपटीपर्यंत बारा हात मारायचे. मोजून बारा. कुत्रं लांब केसांचं, त्यामुळे पाठ अशी काही चमकायची की बघत राहावं. मग मोबाइल उंच धरून वरून एक फोटो काढायचा, तो मुलीला पाठवायचा आणि आठच्या फोनची वाट बघत बसायचं. पोटाखाली काय आहे, काखेत काय आहे, कानामागे काय आहे, हे त्यांनी दीड वर्षात एकदाही पाहिलं नव्हतं.

यात त्यांचा दोष आहेच, पण थोडा नोकरीचाही आहे. सत्तावीस वर्षं त्यांनी फाइली वर पाठवल्या. वरचं टिपण सुवाच्य, समास सरळ, सही जागच्या जागी. आत कागद उलटे लागलेले असोत, चार पानं गायब असोत, ‘आतलं कोण बघतंय?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. (आणि खरंच कोणी बघत नसे. त्याच बळावर तर ते हेडक्लार्क झाले.)

कुत्र्याचं नाव साहेब. हे मुलीनं ठेवलेलं. सहा वर्षांपूर्वी पिल्लू घरी आलं तेव्हा ती म्हणाली होती, “बाबा, तुम्ही दिवसभर ज्यांना साहेब साहेब करता ते मान वर करून बघतसुद्धा नाहीत. हा निदान बघेल.” हेडक्लार्कांना ते लागलं होतं, पण नाव चिकटलं. इतकं चिकटलं, की घरात कुत्र्याला कोणी अरेतुरे करेना. साहेब जेवले, साहेब झोपले, साहेबांनी गालिच्यावर केलं, अशीच भाषा.

पुढे मुलगी मोठी झाली. हेडक्लार्कांनी चार जणांचे पाय धरून तिला आपल्याच ऑफिसात चिकटवलं. आठ महिन्यांत तिनं ती नोकरी सोडली आणि दुसऱ्या शहरात, लाकडी खेळणी बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये निघून गेली. भाड्याच्या खोलीत कुत्र्याला परवानगी नव्हती, म्हणून साहेब मागे राहिले. ती जाताना हेडक्लार्क दारात उभे राहून म्हणाले, “चार महिन्यांत रडत परत येशील.” ती परत आली नाही. रडली की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण त्यानंतर बापलेकीत बोलण्यासारखं काही उरलंच नाही. उरले फक्त साहेब.

आईला ती दुपारी फोन करायची, तो तासभर चालायचा. वडिलांना रात्री आठला.

“जेवले का ते?”

“जेवले.”

“फिरवलंत?”

“फिरवलं.”

“विंचरलंत?”

“विंचरलं. फोटो पाठवलाय.”

“बघितला. ठेवते.”

सगळं मिळून अर्धं मिनिट. पण त्या अर्ध्या मिनिटासाठी हेडक्लार्क पाव तास आधीपासून घसा खाकरून तयार असायचे. हे त्यांनी कोणाला कबूल केलं नसतं, बायकोला तर मुळीच नाही. (बायकोला सांगायची गरजही नव्हती. ती समोरच बसलेली असायची.)

आणि गुरुवारी त्या अर्ध्या मिनिटाला आणखी पंधरा सेकंद जोडले गेले. मुलगी म्हणाली, “रविवारी येते. एक दिवस. साहेबांना बघायला.” ‘आणि तुम्हाला’ असं ती म्हणाली नाही, ते हेडक्लार्कांनी मनातल्या मनात घालून घेतलं. “त्यांची आबाळ झालेली दिसली तर मावशीकडे नेऊन ठेवणार आहे. तिला अंगण आहे, वेळही आहे.”

साहेब मावशीकडे गेले, की आठचा फोनही मावशीकडे जाणार, हा हिशेब समजायला हेडक्लार्क असायची गरज नव्हती. म्हणून शनिवारी सकाळी त्यांनी ठरवलं, की आज एकदा मुळापासून विंचरायचं. ब्रशऐवजी कंगवा घेतला आणि तो साहेबांच्या पोटाखाली घातला.

“अगं, अडकला.”

“काय अडकलं?” बायको स्वयंपाकघरातून.

“कंगवा.”

“कशात?”

“साहेबांत!”

बायको हात पुसत आली. दोघांनी मिळून साहेबांना आडवं केलं आणि मग जे दिसलं त्याला केस म्हणवत नव्हतं. कानांमागे दोन गोळे, काखेत एकेक, मागच्या पायांना जाड विजार घातल्यासारख्या जटा, आणि पोटाखाली सलग एक पायपुसणं. त्या पायपुसण्यात बिस्किटाचा तुकडा, गवताची कुसळं आणि हेडक्लार्कांच्या निळ्या शर्टाचं हरवलेलं बटण होतं. कातडी अशी ताणली गेली होती, की पाय हलवला तरी साहेब कण्हत होते. गेले काही महिने साहेब फारसे उठत नाहीत, ते वयानं शांत झालेत, असं हेडक्लार्क सगळ्यांना कौतुकानं सांगत होते. त्यांना खरंच लाज वाटली. ती पाचेक मिनिटं टिकली, मग तिच्या जागी भीती येऊन बसली.

“सहा महिने सांगतेय,” बायको म्हणाली, “खाली हात घालून बघा, खाली हात घालून बघा. पण तुम्ही फोटो काढण्यात गर्क.”

“आता ते उगाळू नकोस. काहीतरी सुचव.”

“मी सुचवलेलं तुम्ही कधी केलंय?”

आधी रजा काढायला हवी होती. हेडक्लार्कांनी ऑफिसला फोन लावला. एरवी फोन शिपाई उचलायचा. नेमका त्या दिवशी खुद्द साहेबांनी उचलला. म्हणजे ऑफिसातल्या.

“साहेब, नमस्कार. आज जरा रजा हवी होती.”

“का?”

हेडक्लार्क गडबडले. खोटं बोलायची सवय लेखी होती, तोंडी नव्हती. “घरी साहेबांची तब्येत... म्हणजे साहेबांच्या अंगावर फार गुंता झालाय, साहेब.”

“कोणाच्या अंगावर?”

तेवढ्यात मागून बायको ओरडली, “अहो, बोलत काय बसलाय, साहेबांचे पाय धरा! चावतील ते!”

“कोणाचे पाय?” पलीकडून आलं.

“कुत्रा आहे, साहेब,” हेडक्लार्क म्हणाले. “कुत्र्याचं नाव आहे ते.”

“कुत्र्याचं नाव काय ठेवलंय म्हणालात?”

“मी नाही ठेवलं, साहेब. मुलीनं ठेवलंय.”

“मुलगी म्हणजे आपल्याकडून राजीनामा देऊन गेली तीच ना?”

“हो, साहेब.”

“रजा मंजूर,” साहेब म्हणाले. “सोमवारी आल्या आल्या मला भेटा.”

सोमवारचं सोमवारी, म्हणून हेडक्लार्कांनी कुत्र्यांच्या पार्लरला फोन लावला. तिथली बाई कामात होती. पुढच्या गुरुवारपर्यंत एकही वेळ रिकामी नव्हती.

“जटा किती आहेत?” तिनं विचारलं.

“किरकोळ,” हेडक्लार्क म्हणाले.

“कंगवा आत जातो का?”

“तत्त्वतः जातो.”

“म्हणजे जात नाही. हे बघा काका, तुम्ही घरी काहीही करा, फक्त एक लक्षात ठेवा. आधी—”

“कळलं, कळलं,” म्हणून हेडक्लार्कांनी फोन ठेवला. कोणी शिकवायला लागलं की त्यांचा कान आपोआप बंद व्हायचा. (त्यांच्या हाताखालची माणसं याला ‘फाइल क्लोज झाली’ म्हणत.) केस म्हटल्यावर आधी आंघोळ, यात सांगण्यासारखं ते काय?

मग साहेबांना न्हाणीघरात नेण्यात आलं. नेण्यात आलं म्हणजे पुढून हेडक्लार्क ओढत होते, मागून बायको ढकलत होती आणि साहेबांनी चारही पाय दाराच्या चौकटीला लावले होते. तीन बादल्या पाणी, अर्धी बाटली शॅम्पू, बायकोची केस मऊ करायची क्रीम बायकोला न विचारता सगळीच्या सगळी. हेडक्लार्कांनी जटा चोळल्या, पिळल्या, परत चोळल्या. साहेब मधूनच अंग झाडायचे आणि हेडक्लार्कांचा चष्मा पांढरा व्हायचा. तासाभरानं साहेब बाहेर आले, वाळले, आणि पायपुसण्याचं फळकूट झालं. हाताला टणक लागत होतं.

आता बायकोनं स्वतः पार्लरला फोन लावला. तिथल्या बाईचं उत्तर बायकोनं मोठ्यानं म्हणून दाखवलं, म्हणजे हेडक्लार्कांना नीट ऐकू यावं. “ती म्हणतेय, आधी पाण्यात घालू नका, एवढंच सांगत होते. ओल्या झाल्या की जटा आवळतात. काका फोन ठेवून का गेले, विचारतेय. काय सांगू?”

“सांग, मीटिंगमध्ये होते.”

मग कात्री आली. पहिला वार हेडक्लार्कांच्या शर्टाच्या बाहीवर पडला. दुसरा पडणार होता तोच बायकोनं मनगट धरलं. “केस कुठे संपतात आणि कातडी कुठे सुरू होते, हे कळतंय का तुम्हाला?”

“अंदाज आहे.”

“अंदाजानं साहेबांचं पोट फाडाल. ठेवा ती.”

हेडक्लार्क तणतणत प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात गेले आणि केस कापायचं मशीन घेऊन आले. पेटीत तीन पाती होती: चार नंबर, सात नंबर आणि दहा नंबर. दुकानदार काही समजावून सांगणार होता, पण हेडक्लार्क म्हणाले, “मला माहीत आहे.” त्यांना माहीत होतं ते असं: त्यांचा न्हावी गेली वीस वर्षं विचारत होता, “दोन नंबर मारू की चार?” दोन म्हणजे बारीक, चार म्हणजे जरा राखून. तेव्हा दहा म्हणजे भरपूर राखून. जटा तेवढ्या निघतील, शोभा राहील, मुलीला कळणारही नाही. इतका साधा विचार होता. त्यात कुठे चूक होती हे ते अजूनही सांगू शकणार नाहीत.

दहा नंबरचं पातं बसवून त्यांनी मशीन साहेबांच्या मानेवर टेकवलं आणि एका दमात शेपटीपर्यंत नेलं. हात अगदी सराईत. बारा वर्षं मशीन मारल्यासारखा. मागे वळून बघतात तो साहेबांच्या पाठीवरून तीन बोटं रुंद, गुलाबी, गुळगुळीत रस्ता गेलेला.

बायकोनं पेटीतली पुस्तिका उचलली, चष्मा लावला आणि वाचलं, “नंबर जितका मोठा, तितके केस बारीक.”

“असं कसं असेल?” हेडक्लार्क म्हणाले.

“कुत्र्यांत असं असतं.”

“पण न्हाव्याकडे—”

“तुम्ही माणूस आहात,” बायको म्हणाली. “निदान न्हावी तसं धरून चालतो.”

आता पर्याय नव्हता. एवढा रस्ता पाडून बाकीचं जंगल ठेवता येत नव्हतं. दुपारभर मशीन घुरघुरत राहिलं. जटा सालासारख्या निघत होत्या, अखंड, आतून ओल्या. केसांचा ढीग साहेबांपेक्षा मोठा झाला आणि त्यातून शेवटी जे निघालं ते भलतंच कोणीतरी होतं. लुकडे पाय, मोठे कान, पुढे आलेलं नाक. शेपटी तर बघवेना. बायकोनं पाठवलेला फोटो बघून पार्लरच्या बाईंनी कळवलं, की एवढ्या जटा असताना दहा नंबरच लागतो, काकांनी चुकून बरोबर केलं. हेडक्लार्कांना या कौतुकाचा काही उपयोग नव्हता.

आणि साहेब? साहेब उठले, एकदा अंग झाडलं, झाडायला काही नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते घरभर धावत सुटले. पलंगावर चढले, खाली उतरले, हेडक्लार्कांच्या पायांतून गेले, परत आले. सहा महिन्यांत कोणी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. हेडक्लार्कांनी दीड वर्षात पाचशेवर फोटो काढले होते, त्यांतल्या एकातही साहेब इतके खूश नव्हते. हे बघून त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना.

आठ वाजायला आले. मुलीला फोटो पाठवायची वेळ झाली. हेडक्लार्कांनी मोबाइलमध्ये शोधून मार्चमधला एक चांगला फोटो काढला आणि पाठवून दिला.

“विंचरलंत?”

“विंचरलं,” हेडक्लार्क म्हणाले. समोर साहेब नागडे बसून त्यांच्याकडे बघत होते.

रविवारी सकाळी दहाला मुलगी येणार होती. नऊपर्यंत हेडक्लार्कांनी तीन कारणं तयार केली: डॉक्टरांनी सांगितलं, उकाडा फार वाढलाय, आणि हल्ली हीच पद्धत आहे. साडेनऊला त्यांना धीर निघेना. त्यांनी आपला एक बनियन साहेबांना घातला, तेवढंच झाकलेलं बरं म्हणून. बनियन साहेबांना मापात बसला. बायको म्हणाली, “आता बाहेरच्यानं ओळखायचं कसं, कोण कोण आहे?”

बेल वाजली. हेडक्लार्क पुढे होणार, तोच साहेब त्यांना ओलांडून गेले आणि बनियनसकट मुलीच्या अंगावर चढले. मुलगी दारातच खाली बसली. तिनं साहेबांचं तोंड दोन्ही हातांत धरलं, बनियन वर करून पाठ बघितली, पोट बघितलं, काखेत बोटं घालून बघितली. हेडक्लार्क तिन्ही कारणं एकदमच विसरले.

“हे कोणी केलं?” मुलीनं विचारलं.

“मी,” हेडक्लार्क म्हणाले. दुसऱ्या कोणाचं नाव घ्यावं, असं घरात कोणी नव्हतं.

“तुम्हाला आईनं सांगितलं का?”

“काय सांगितलं?”

“घरमालकीणबाईंचं?” ती उठून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. “त्यांचा कुत्र्यावर राग नाहीये, बाबा. त्यांना केस नकोत घरात. मी गेल्या महिन्यात विचारलं, केस अगदी बारीक केले तर? म्हणाल्या, मग खुशाल आण. पण मला तुम्हाला सांगवेना. तुम्ही रोज एवढं विंचरता, रोज फोटो पाठवता. म्हटलं, यांचा जीव आहे त्या केसांत, कसं सांगायचं कापा म्हणून? आईलाही म्हटलं, बोलू नकोस.” तिनं वडिलांचा हात धरला. दीड वर्षांनी. “आणि तुम्ही स्वतःच्या हातानं कापलेत? मी न्यावं म्हणून?”

हेडक्लार्कांनी बायकोकडे बघितलं. बायको ओठ घट्ट मिटून छताकडे बघत होती. एक शब्द पुरला असता. ‘नाही’ म्हटलं असतं तर दीड वर्षाची बारा-बारा हातांची गोष्ट बाहेर आली असती आणि साहेब मावशीकडे गेले असते. ‘हो’ म्हटलं तर साहेब मुलीकडे जाणार. जाणार हे दोन्हीकडून ठरलेलंच होतं. मुलीच्या डोळ्यांत मात्र एवढं कौतुक त्यांनी ती दुसरीत होती त्यानंतर पाहिलं नव्हतं, आणि तिनं हात अजून सोडला नव्हता.

“हो,” हेडक्लार्क म्हणाले. “तुझ्यासाठीच.”

आयुष्यात इतकं सुबक टिपण त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

तो दिवस फार चांगला गेला. मुलगी वडिलांशी बोलली. वर्कशॉपमधल्या खेळण्यांबद्दल बोलली, एका लाकडी बदकाची मान कशी फिरत नव्हती आणि मग कशी फिरायला लागली ते तिनं सांगितलं. हेडक्लार्कांना त्यातलं फारसं कळलं नाही, पण एकदाही त्यांनी ‘कळलं, कळलं’ म्हटलं नाही. संध्याकाळी गाडी आली. साहेब उडी मारून मागच्या सीटवर बसले आणि पुढे बघायला लागले. मुलीनं खिडकीतून हात हलवला. “फोन करीन हं, बाबा.” साहेबांनी वळूनही पाहिलं नाही. पूर्वी वळून बघताना केस डोळ्यांवर यायचे, तीही अडचण आता नव्हती.

दार लावल्यावर बायको म्हणाली, “सांगायला हवं होतंत.”

“साहेब गेलेच असते.”

“साहेबांबद्दल नाही म्हणत मी,” बायको म्हणाली आणि पलंगाखाली दडवलेला केसांचा ढीग पोत्यात भरायला गेली.

सोमवारी ऑफिसातल्या साहेबांनी दहा मिनिटं उभं केलं आणि वरिष्ठांच्या पदाचा अवमान या विषयावर लेखी खुलासा मागितला. हेडक्लार्कांनी तो लगेच लिहून दिला. त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. घरी आले, कपडे बदलले, सवयीनं ब्रश हातात घेतला आणि परत ठेवला. साडेसात झाले. पावणेआठ झाले. मुलगी काल हात धरून बोलली होती. आता साहेबांविषयीच बोलायला हवं असं थोडंच आहे, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं. विचारायचे चार प्रश्न त्यांनी एका कागदावर काढून ठेवले होते. पहिला बदकाबद्दल होता.

आठ वाजता फोन वाजला. मुलीचा. हेडक्लार्कांनी दुसरी रिंग होऊ दिली नाही.

“बाबा, साहेब मजेत आहेत.”

“हो का? वा! जेवले?”

“जेवले. फिरून पण आले.”

“आणि ते केस...”

“केस कुठे आहेत आता त्यांना?” मुलगी हसली. चांगलं, मोकळं हसली. “बाबा, आईचा फोन बंद लागतोय दुपारपासून. तिला द्या ना जरा.”

हेडक्लार्कांनी फोन बायकोकडे दिला. बायको तो घेऊन आतल्या खोलीत गेली आणि आतून हसण्याचे आवाज येऊ लागले. हेडक्लार्क कागद हातात धरून बसून राहिले. तासाभरानं बायकोनं फोन आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. तो चांगलाच तापला होता.

“बॅटरी पार उतरली बघा,” ती म्हणाली. “एवढं बोलायची सवय नाही तुमच्या फोनला.”